६७ गावांचं बक्षीस आणि बांबूचं पासबुक



नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये एक जुनी धमकी चालते. साहेब चिडला की म्हणतो, "गडचिरोलीला पाठवून देईन." शिक्षक असो, तलाठी असो की नर्स, त्या बदलीचा कागद हाती पडला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. खरं तर आपल्यापासून गडचिरोली एसटीनं चार-साडेचार तासांची वाट. तिथे माणसं राहतात, धान रोवतात, मोहफुलं वेचतात, दिवाळीनंतर मंडईत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं बघतात. तरी आपल्याला ती शिक्षेची जागा वाटते, कारण १९८० पासून तिथल्या जंगलात बंदूक घेतलेले दलम फिरत राहिले आणि त्यांच्यामागे पोलीस.

त्या बंदुकांचं काय करायचं याचे बेत मात्र बरेचसे आपल्याच शहरात शिजले. राज्याच्या नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय नागपुरात, जंगलातल्या लढाईचं प्रशिक्षण केंद्र अमरावती रोडवर सुराबर्डीला, पकडलेली कितीतरी माणसं आपल्या मध्यवर्ती तुरुंगात आणि त्यांची अपिलं सिव्हिल लाइन्सच्या खंडपीठात. म्हणून आजच्या भागात आम्ही हाच विषय घेतला. खेड्यापाड्यात, जंगलात लोकांनी हत्यार उचललं, तर सरकार नेमकं काय करतं?

आम्ही पोलीस नाही आणि वकीलही नाही. पण या मुलखाचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास लावून बघितला तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. राज्य इंग्रजांचं असो की आपलं, सरकारला पहिली आठवण होते ती गावातल्याच माणसाची. तूच तुझ्या शेजाऱ्याला धरून दे, असं ते सांगतं. कधी बक्षीस दाखवून, कधी धाक दाखवून, आणि बहुतेक वेळा दोन्ही दाखवून.

१८५८ पासून सुरुवात करू. त्याच्या पाच वर्षं आधी, डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि चांदा जिल्हाही त्यांच्या ताब्यात गेला. आजचं गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं. मोलमपल्लीचा जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके पंचविशीचा गोंड तरुण होता. मार्च १८५८ मध्ये त्यानं गोंड आणि रोहिल्यांची फौज जमवली आणि राजगड परगण्यावर धाड घातली. घोटचे जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं फौज पाठवली, चकमकी झाल्या, पण बाबुराव हाती लागेना. जंगल त्याचं होतं. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी त्यात मारले गेले.

आता क्रिक्टननं काय केलं बघा. त्यानं अहेरीच्या जमीनदारीणबाईला, लक्ष्मीबाईला, कामाला लावलं. अहेरीची जमीनदारी या भागातली सगळ्यांत मोठी. जंगलाच्या वाटा, पाणवठे, कुणाच्या घरी कोण जेवतो, हे सगळं तिच्या माणसांना ठाऊक. १८ सप्टेंबर १८५८ ला बाबुराव तिच्या माणसांच्या हाती लागला आणि इंग्रजांच्या ताब्यात गेला. २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. व्यंकटराव बस्तरकडे पळाले. तिथल्या राजानं त्यांना १८६० मध्ये धरून दिलं आणि त्यांना जन्मठेप झाली. लक्ष्मीबाईला बक्षीस मिळालं ते अडपल्ली आणि घोट या जमीनदाऱ्यांतल्या ६७ गावांचं. म्हणजे बंडखोरांचीच गावं.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगात बाबुरावांना मानवंदना द्यायला लोक जमतात, आणि ते योग्यच आहे. लक्ष्मीबाईचं नाव निघालं तर फितूर म्हणूनच निघतं. आम्हाला ते तेवढं सोपं वाटत नाही. नागपूरच्या राजघराण्याचं काय झालं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. राण्यांचे दागदागिने, हत्ती-घोडे इंग्रजांनी लिलावात काढले होते. तिनं नाही म्हटलं असतं तर तिची जमीनदारी टिकली असती, असं मानायला काही आधार नाही. तिनं बरं केलं असं आम्ही म्हणत नाही. पण बंड मोडायचं ओझं सरकारनं एका स्थानिक बाईच्या डोक्यावर ठेवलं, आणि पुढे शिव्याशापही तिच्याच वाट्याला आले. क्रिक्टनला आज कोण शिव्या देतो?

बंड मोडलं आणि सरकारनं जंगलाकडे हात वळवला. १८७८ चा वनकायदा आला, मग १९२७ चा. ज्या लाकडावर, पानावर, बांबूवर पिढ्या जगल्या, तो आपल्याच जंगलातून आणला तरी चोरी ठरू लागला. स्वातंत्र्य आलं, जमीनदाऱ्या गेल्या, पण वनरक्षकाचा खाकी शर्ट राहिला. त्याला कोंबडी द्यायची, मोहाची दारू द्यायची, फुकट राबायचं, आणि सरपणाला गेलेल्या बाईनं मान खाली घालून त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं. कधी बोलण्यावरच भागत नसे.

'नक्षल' हा शब्द कुठून आला तेही सांगून टाकू. पश्चिम बंगालातलं नक्षलबाडी हे छोटंसं खेडं. मे १९६७ मध्ये तिथल्या कुळांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला. २५ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अकरा जण मेले. बहुतेक बाया होत्या, आणि दोन लेकरं. पुढे कलकत्त्यापर्यंत रक्त सांडलं, हजारो तुरुंगात गेले. पण त्याच बंगालात १९७८ पासून सरकारनं कुळांच्या नावांची नोंद करायची मोहीम काढली, ऑपरेशन बर्गा. अधिकारी संध्याकाळी गावात जाऊन बसत, सगळ्यांसमोर नावं लिहीत. चौदा लाखांच्या आसपास कुळांची नोंद झाली. सरकारला हेही जमतं. मात्र त्याची पाळी आली ती रक्त सांडून झाल्यावर दहा-अकरा वर्षांनी.

आपल्याकडे दलम आले ते नदी ओलांडून, आंध्रातून. एप्रिल १९८० मध्ये तिथे पीपल्स वॉर हा पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याची माणसं सिरोंचा-अहेरीच्या जंगलात दिसू लागली. नोव्हेंबर १९८० मध्ये पेद्दी शंकर हा तरुण कार्यकर्ता सिरोंचा तालुक्यात मोयाबिनपेठा इथे पोलिसांच्या गोळीनं मेला. या लढाईतला इकडचा पहिला बळी म्हणून त्याचं नाव घेतात.

लोकांनी दलमांना भाकर का दिली, हे समजून घ्यायचं तर तेंदूपत्त्याचा हिशोब बघावा लागतो. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांचा हंगाम. पहाटे उठून बाया पानं तोडायला जातात, दुपारी घरी बसून ७० पानांचं एक पुडकं बांधतात, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. तिथे ठेकेदाराचा माणूस वाटेल ती पुडकी बाजूला फेकतो. मजुरी पैशांत. बांबू तोडणाऱ्यांचं तेच, बांबू जायचा बल्लारपूरच्या कागद गिरणीला. दलमांनी ठेकेदारांना धमकावून दर वाढवून घेतले, वनरक्षकांचा माज उतरवला. हे खरं आहे आणि ते कबूल केलं पाहिजे. त्याच ठेकेदारांकडून त्यांनी पक्षासाठी पैसा उकळला, हेही तितकंच खरं आहे. ठेकेदार राहिलाच. त्याच्या मागे दोन मालक झाले, एवढाच फरक.

सरकारची सुरुवात बंदीनं झाली. २६ ऑगस्ट १९८२ ला चांद्यापासून वेगळा करून गडचिरोली जिल्हा केला, कचेरी थोडी जवळ आली. पण १९८४ मध्ये अहेरी तालुक्यात कमलापूरला आदिवासी शेतकऱ्यांची परिषद भरणार होती, ती पोलिसांनी होऊच दिली नाही. उघड्यावर, दिवसाउजेडी बोलायची ती जागा होती. ती बंद केल्यावर बोलणं फक्त रात्रीच्या जंगलात उरलं. ही चूक आम्हाला फार मोठी वाटते. मग टाडा आला. देशभरात त्या कायद्याखाली पाऊण लाखाच्या आसपास माणसं धरली गेली आणि शिक्षा झाली ती अगदी थोड्यांना. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासींनाही त्याच जाळ्यात ओढलं. ज्याला मराठी येत नाही, न्यायालयाचं गाव माहीत नाही, जामिनाला उभा राहायला सातबारा असलेला माणूस नाही, तो तारखांवर तारखा मोजत राहिला. १९९५ मध्ये तो कायदा संपला. त्या माणसांच्या बायकांनी ती वर्षं कशी काढली, हे कुठल्या अहवालात फारसं आलेलं नाही.

दरम्यान १९९० मध्ये गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी नवं पथक उभं केलं. ६० जवानांचं, म्हणून नाव सी-६०. बाहेरचा शिपाई जंगलात आंधळा असतो, हे पोलिसांना दहा वर्षांत कळून चुकलं होतं. म्हणून या पथकात घेतली ती त्याच जिल्ह्यातली पोरं. गोंडी-माडिया बोलणारी, नाल्याच्या वाळूतला पाऊलठसा ओळखणारी. पोलिसांच्या हिशोबानं हा निर्णय अचूक ठरला. पुढे जे काही यश आलं ते बहुतांशी या पथकाचं, आणि देशातल्या इतर राज्यांनी त्याचं अनुकरण केलं.

पण गावात बसून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. एका आळीतला एक पोरगा सी-६० मध्ये, दुसरा दलमात. दोघं एकाच आश्रमशाळेत शिकलेले. एकाच घरात अशी दोन टोकं असल्याच्याही गोष्टी त्या जिल्ह्यात ऐकायला मिळतात. नोकरी हवी तर पोलीस, राग आला तर दलम. तिसरी वाट कुणी काढलीच नव्हती. अहेरीच्या लक्ष्मीबाईसमोर टाकलेला पेच आता घरोघरी आला.

इथे जरा बाहेरच्या जगाकडे बघू या, म्हणजे आपलं सरकार कुठे कमी वाईट वागलं तेही कळेल. १९४८ मध्ये मलायात कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव झाला. तिथे राज्य इंग्रजांचं. त्यांनी जंगलाकडेला राहणारी सुमारे पाच लाख माणसं, बहुतेक चिनी वंशाची, घरं सोडायला लावून काटेरी तारांच्या नव्या वसाहतींत आणून ठेवली. तांदूळ मोजून मिळायचा. काही ठिकाणी तर घरी भात शिजवायलाही बंदी होती. सरकारी भटारखान्यात शिजवलेला भात वाटत, कारण कोरडा तांदूळ जंगलात पाठवता येतो, शिजलेला भात आंबून जातो. एका बंडाचा बंदोबस्त बायकांच्या चुलीपर्यंत कसा येतो, त्याचा याहून बोलका दाखला आम्हाला सापडला नाही. आपल्या देशानं मिझोराममध्ये १९६७ पासून तेच केलं. गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला एकत्र वसवली. तिथलं दुखणं शेवटी मिटलं ते ३० जून १९८६ च्या करारानं. लालडेंगा मुख्यमंत्री झाले.

आणि आपल्या अगदी शेजारी, इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरात, २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झालं. गावातल्याच पोरांना विशेष पोलीस म्हणून बंदुका दिल्या आणि शेजारच्या गावांवर सोडलं. शेकडो गावं ओस पडली. लोक छावण्यांत आले, नाहीतर पळून आंध्रात गेले. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवून बंद करायला सांगितलं. महाराष्ट्रानं गावं उठवली नाहीत. याचं श्रेय द्यायला हवं. आपल्याकडे २००३ पासून गावबंदीची योजना आली. ग्रामसभेनं नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही असा ठराव करायचा, मग विकासासाठी पैसे मिळायचे, आधी काही लाख, पुढे सहा लाखांपर्यंत. ६७ गावांच्या बक्षिसापुढे ही रक्कम लहान, पण जात तीच. ठराव करून पोलिसांची गाडी निघून जायची. रात्री दार वाजायचं ते ठरावावर अंगठा देणाऱ्याचं. खबरी म्हणून किती माणसं मारून रस्त्यावर टाकली, त्यांच्या छातीवर चिठ्ठ्या ठेवल्या. या जिल्ह्यात दोनशेहून अधिक पोलिसांचा जीव गेला, आणि सामान्य गावकऱ्यांचा आकडा त्याच्या दुपटीच्या पुढे आहे.

आता २००९ साल. या एका वर्षावर आणि धानोरा या एका तालुक्यावर आम्ही थोडं जास्त बोलणार आहोत.

१ फेब्रुवारी २००९. धानोरा तालुक्यातल्या मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले. २१ मे, त्याच तालुक्यात हत्तीगोटाजवळ १६ पोलीस मारले गेले आणि त्यांत पाच महिला होत्या. पोलीस भरती ही आपल्याकडच्या किती मुलींच्या घरची आशा असते, ते आपण सगळ्या जाणतो. पहाटे मैदानावर धावणाऱ्या, बहिणीचे बूट मागून घेणाऱ्या मुली. त्या पाचही अशाच कुठल्यातरी घरातून आल्या असणार. मग ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीला १७ पोलीस गेले, विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर असताना. केंद्रानं राखीव दलाच्या तुकड्या वाढवल्या, देशभर मोठी मोहीम काढली.

त्याच वर्षी, त्याच धानोरा तालुक्यात, ऑगस्टमध्ये दुसरी एक गोष्ट घडली. तिची बातमी लहान आली. मेंढा-लेखा या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांमधलं हे एक. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावानं यासाठी पंचवीसेक वर्षं घातली होती. ग्रामसभेत बाया-माणसं सगळी बसतात आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नाहीत. दलमाकडे गेले नाहीत, पोलिसांचे खबरीही झाले नाहीत. दोन्ही बंदुकांच्या मधोमध उभं राहून त्यांनी कागद मागितला.

कागद मिळाला तरी बांबू मिळेना. वन खातं म्हणे बांबू हे झाड आहे, झाडावर गावाचा हक्क नाही. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला होता. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तो गवताच्या कुळात येतो. पण तो ट्रकमध्ये भरून न्यायचा तर वाहतुकीचा परवाना खात्याचा लागायचा, आणि खातं तो देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचं पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्या दिवसापासून गावाचा बांबू गाव विकू लागलं. ज्या बांबूसाठी वनरक्षकाला कोंबडी द्यावी लागे, त्याचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले.

आज गडचिरोलीत हजाराहून जास्त ग्रामसभांकडे असे सामूहिक वनहक्क आहेत. देशात इतके दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नसतील. बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. सगळं गोड आहे असं नाही. कुठे ठेकेदारानं पैसे बुडवले, कुठे गावातलेच चार जण हिशोब दाबून बसले. पण हिशोब कुणाला विचारायचा, ते आता ठाऊक आहे.

सरकारनं २००९ चा धडा कसा घेतला, तेही ऐका. २०१० मध्ये केंद्रानं नक्षलग्रस्त जिल्ह्यांना विकासासाठी खास पैसा दिला, पहिल्या वर्षी जिल्ह्यामागे २५ कोटी आणि दुसऱ्या वर्षी ३०. तो खर्च कसा करायचा हे ठरवायला तिघांची समिती: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि विभागीय वन अधिकारी. ज्या तीन खात्यांबद्दल लोकांची तक्रार, त्याच तीन खात्यांच्या हातात लोकांच्या भल्याची किल्ली. ग्रामसभा त्यात नाही, निवडून आलेली जिल्हा परिषदही नाही. आम्ही हे वाचलं तेव्हा एकमेकींकडे बघतच राहिलो.

बायांनी बंदूक न घेता सरकारला झुकवल्याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. दारूबंदीसाठी गावोगावच्या बाया कित्येक वर्षं झगडल्या, आणि १९९३ मध्ये गडचिरोलीत बंदी झाली. आणि बंदूक घेतलेल्या बायाही इथेच झाल्या. दलमांत बायांचं प्रमाण मोठं होतं. मनाविरुद्धच्या लग्नातून सुटका, घरच्या जाचातून सुटका, हाती काहीतरी ताकद, अशी कारणं त्या स्वतः सांगतात. पण तिथे गेल्यावर मूल नको हा नियम होता. लग्न करायचं तर नवऱ्याची नसबंदी आधी. शरण आलेल्या जोडप्यांपैकी कितीतरी जणांनी पहिली मागणी केली ती ही नसबंदी उलटवून देण्याची, आणि गडचिरोली पोलिसांनी त्या शस्त्रक्रिया करवून दिल्या. २९ ऑगस्ट २००५ पासून सुरू झालेल्या आत्मसमर्पण योजनेत पैसे, घर, नोकरी असं बरंच लिहिलेलं आहे. पोरांना पाळण्यात घालायची आस कुठल्या शासन निर्णयात लिहिलेली नव्हती. पण माणसं जंगलातून बाहेर काढण्यात तिचाही वाटा आहे.

मारण्याचं सत्रही थांबलं नव्हतं. २२ एप्रिल २०१८ ला इंद्रावतीच्या काठी कसनासूरजवळ आणि लगोलग राजाराम खांदल्याला मिळून ४० जण पोलिसांच्या गोळीबारात मेले. नदीतून प्रेतं काढायला दिवस लागले. गट्टेपल्लीच्या काही घरांनी सांगितलं, आमची पोरं लग्नाला म्हणून गेली होती. पोलिसांनी सांगितलं, ती नव्यानं भरती झालेली होती. पुढच्या वर्षी महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याला सुरुंग फुटला आणि १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या जंगलात २६ नक्षलवादी मारले गेले, मिलिंद तेलतुंबडे त्यांत होते. मग फळी खचतच गेली. १ जानेवारी २०२५ ला तारक्का शरण आली. अहेरी तालुक्यातली ही मुलगी ऐंशीच्या दशकात दलमात गेली होती. ऑक्टोबरमध्ये तिचा नवरा भूपती, पक्षाच्या सर्वांत वरच्या नेत्यांपैकी एक, ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर बंदूक ठेवून उभा राहिला.

याला सरकार आपला विजय म्हणतं. पोलिसांच्या बाजूनं बघता तो आहेच, किती घरांनी त्याची किंमत मोजली ते आत्ताच सांगितलं. पण जुलै २०२५ मध्ये, दलम जवळजवळ संपत आलेले असताना, विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याचा रोख आता शहरातल्या संघटनांवर आहे. कायद्याच्या नावानं काय होऊ शकतं ते नागपूरनं पाहिलेलं आहे. प्राध्यापक साईबाबा आणि इतरांना २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयानं शिक्षा दिली, ५ मार्च २०२४ ला आपल्या खंडपीठानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यांच्यातला गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण त्याआधीच, २०२२ मध्ये, कैदेत असताना नागपुरात वारला. साईबाबा सुटल्यावर सात महिन्यांत गेले.

आणि जंगलाचं काय? एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोखंडाची खाण आहे. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथे ऐंशीच्या आसपास वाहनं जाळली. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली, आता ट्रकांची रांग लागलेली असते. २०२३ मध्ये त्याच तालुक्यात तोडगट्ट्याला कितीतरी ग्रामसभांची माणसं महिनोन्‌महिने धरणं धरून बसली. त्यांचं म्हणणं साधं होतं: दवाखाना हवा, शाळा हवी, गावापुरता रस्ता हवा, खाणीसाठीचा रुंद रस्ता नको. बंदूक कुणाच्या हातात नव्हती. हातात वनहक्काचे कागद होते. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते धरणं उठवलं. त्याच महिन्यात जवळच्या वांगेतुरीला एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभं राहिलं. तारक्का शरण आली त्या दिवशी, १ जानेवारी २०२५ ला, गर्देवाडा ते वांगेतुरी पहिली एसटी धावली.

या पोलीस केंद्रांत आता 'दादालोरा खिडकी' नावाची सोय आहे. जातीचा दाखला, आधार, निराधार योजनेचे कागद, सगळं तिथे होतं. माडिया बाईला तालुक्याला चार चकरा मारण्यापेक्षा हे बरंच, आणि ते देणारे पोलीस बहुतेक वेळा तिच्याच बोलीत बोलतात. पण दाखला द्यायचा तलाठ्यानं आणि तहसीलदारानं. ते काम बंदूक लावलेल्या तटबंदीच्या आत का करावं लागतं, आणि दलम संपल्यावरही ते तिथेच राहणार का, हे आम्ही गडचिरोलीच्या जिल्हा प्रशासनाला पत्र लिहून विचारलं आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडे नर्स, अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका म्हणून काम केलं असेल, तर तुमच्या केंद्रात दाखले कुठून मिळतात ते आम्हाला कळवा. उत्तर आलं की याच वेळेला वाचून दाखवू.